पट्ट्यावरची पांढरी रेघ

१

येसाजीच्या गाडीचा टायमिंग पट्टा तुटलेला निघाला, आणि वर तो जुना निघाला. एकोणीस दिवसांपूर्वीच बुधाजीनं तो काढून नवा टाकला होता. म्हणजे टाकला असं सांगितलं होतं. एवढं कळायचा अवकाश, रेवदंड्यात बुधाजी चोर ठरला.

नुसती गाडी बंद पडली असती तर लोक चार दिवस बोलून गप्प बसले असते. पण ही गाडी येसाजीच्या बायकोला, सोनूबाईला, दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिससाठी अलिबागला नेते. या गुरुवारी सकाळी गाडी खडखड करून जी थांबली ती थांबलीच. दुसरी गाडी मिळवून पोचेपर्यंत सोनूबाईची मशीनवरची पाळी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारचं ठरलं, पण दुपार व्हायच्या आत तिला धाप लागली. रिक्षात आडवी घालून नेली. वाचली, हे तिचं आणि आमचं नशीब.

शनिवारी सकाळी तिनं दवाखान्यातूनच मला फोन लावला. आवाज खोल गेलेला, पण हुकूम सोडायची सवय तशीच.

"क्रांते, बुधाजीनं गॅरेजला कुलूप लावलंन. मुंबईला भावाकडं जातो म्हणतो, कायमचा. माझ्या गाडीपायी कोनाचा संसार उठलेला मला नको. तू बघ."

"अगं, लोक म्हणतात त्यानंच तुला मारलं असतं."

"लोकांना काय झालंय म्हनायला. बुधाजी खोटं काम करनार न्हाय. केलंच असंल तर तसं पन सांग. पन बघून सांग."

मी क्रांती घरत. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. सुरुवातीला पोरं हसायची, नंतर घाबरायची. लोक मला तोंडाळ म्हणतात, म्हणू देत. सोनूबाई माझी शाळेतली मैत्रीण, आणि तिला नाही म्हणणं मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही. शिवाय माझ्या स्वतःच्या गाडीचा पट्टा एप्रिलमध्ये बुधाजीनंच बदलला होता. तो जर खोटं काम करत असेल, तर मी कशाच्या भरवशावर हिंडते आहे, हेही मला कळायला हवं होतं.

२

बुधाजी बंद गॅरेजच्या ओट्यावर बसला होता. पंचावन्नचा धिप्पाड माणूस, दोन दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं. शेजारी पत्र्याची पेटी बांधून तयार होती.

"पट्टा बदलला होतास?" मी विचारलं.

"बाई, तुमी पन?"

"मी पण. उत्तर दे."

"बदलला. पंप बदलला, रोलर बदलला. सगला नवीन."

"कसा बदललास ते सांग. मला काही येत नाही असं समज."

तो जरा सावरून बसला. कामाचं बोलायला लागला की माणूस सरळ होतो. "खालच्या पुलीची खून जुलवली, वरच्या पुलीची जुलवली. जुना पट्टा काढायच्या आदी त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं दोन रेघा मारल्या, दोन्ही खुनांच्या समोर. रेघांमदले दाते मोजले. नव्या पट्ट्यावर तेवढेच दाते मोजून तशाच रेघा मारल्या नि चढवला. मंग हातानं इंजिन दोन फेरे फिरवून परत खुना बगितल्या."

हेच मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले.

"आणि काढलेला पट्टा?"

"पिशवीत बांधून दिला. काढलेला माल मालकाचा. मी कोनाचा ठेवत न्हाय."

"कोणाच्या हातात दिलास?"

"विनेशच्या."

विनेश म्हणजे येसाजीचा ड्रायव्हर. सहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातून पास झालेला. हाताला हुशार, मनानं मऊ. सोनूबाईला काकू म्हणतो आणि तिला उचलून गाडीत बसवताना तोच डोळे पुसतो.

"मग त्यानं सांगितलं का नाही गावाला, की जुना पट्टा मला मिळाला म्हणून?"

बुधाजीनं मान खाली घातली. "तो म्हनतो, मला कसली पिशवी मिलालीच न्हाय."

म्हणजे दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि कालपर्यंत मी दोघांसाठीही शपथ घेतली असती.

३

गाडी अलिबागला प्रज्योतच्या गॅरेजात ओढून नेली होती. प्रज्योतचं गॅरेज म्हणजे काचेचं ऑफिस, आत एसी, पोरांना गणवेश. बुधाजीचं गॅरेज बंद झालं तर रेवदंड्याची निम्मी गिऱ्हाइकं याच्याकडेच येणार होती, त्यामुळे मी जाताना मनातून त्यालाच गुन्हेगार ठरवून गेले. तोंडही तसंच करून गेले.

"पट्टा दाखव. आणि कोणाला न विचारता फेकून दिला असशील तर आधीच सांग."

"मॅडम, मी काहीच फेकत नाही," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या शांतपणाचा मला रागच आला.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इंजिनात खाली एक दांडा फिरतो, त्याला पिस्टन जोडलेले असतात. वर दुसरा दांडा असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो, मिटतो. खालचा दोनदा फिरला की वरचा बरोब्बर एकदा फिरायला हवा. दोघांना बांधून ठेवतो तो हा दात्यांचा रबरी पट्टा. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला असलाच पाहिजे. पट्टा तुटला किंवा नुसते दोन-तीन दाते सरकले, तरी पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. म्हणून ठरावीक किलोमीटर झाले की चांगला दिसला तरी पट्टा बदलायचा असतो.

प्रज्योतनं पट्टा समोर ठेवला. जुनाट, कडेला भेगा, अक्षरं पुसलेली. पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, ठसठशीत.

"हा एकोणीस दिवसांचा वाटतो का तुम्हाला?" त्यानं विचारलं.

वाटत नव्हता. मी तुटलेली टोकं बघितली. आपोआप तुटलेल्या पट्ट्याचे दोरे वेडेवाकडे उसवतात. इथे निम्मे उसवलेले होते, निम्मे एका रेषेत. कापल्यासारखे.

"आणि काम बघा कसलं," तो पुढे म्हणाला. "वरच्या कव्हरचे बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले. हात लावायच्या आधीच फोटो काढून ठेवलाय मी."

फोटोत बोल्टांच्या माथ्यावर पांढरे ठिपके होते. बोल्ट आवळला की बुधाजी माथ्यावरून कव्हरवर एक छोटी रेघ ओढतो, म्हणजे नंतर कोणी तो हलवला तर रेघ तुटते. फोटोतल्या चारही रेघा तुटलेल्या होत्या. म्हणजे प्रज्योतनं हात लावायच्या आधी ते कव्हर कोणीतरी उघडलं होतं, आणि घाईत परत लावलं होतं.

"गाडी तू कुठून ओढलीस?"

"पुढून. पुढच्या हुकाला पट्टी लावून."

मी गाडीच्या मागे जाऊन वाकले. गुडघ्यानं शिवी दिली, तरी वाकले. मागच्या हुकाचा रंग ताजा खरवडलेला होता, आणि त्यात निळ्या नायलॉनचे धागे अडकले होते. तसला दोर गाडीवाले वापरत नाहीत. तसला दोर बोटीला असतो.

४

रविवारी सकाळी मी माझ्याच गाडीचं वरचं कव्हर उघडलं. बुधाजीच्या बोल्टांवरच्या रेघा जिथल्या तिथे होत्या. आत पट्टा नवाकोरा. टॉर्च घेऊन मी त्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या रेघा शोधल्या. शोधाव्याच लागल्या, कारण त्या जवळजवळ गेलेल्या होत्या.

मी तिथेच पायरीवर बसले. इतकी साधी गोष्ट, आणि मी काल ती बघून अख्खा रस्ता परत आले होते.

पट्टा दात्यांच्या बाजूनं पुल्यांवर बसतो, पण पाठीच्या बाजूनं तो एका गुळगुळीत रोलरला घासून जातो. मिनिटाला शेकडो वेळा. पाठीवरची रंगाची रेघ काही दिवसांतच उडते. येसाजीच्या गाडीत सापडलेल्या पट्ट्यावरच्या रेघा मात्र काल मारल्यासारख्या होत्या. बुधाजीनं लबाडी करून जुनाच पट्टा परत चढवला असता, तरी रेघा मारल्यानंतर तो एकोणीस दिवस धावला असता आणि रेघा गेल्या असत्या. रेघा शाबूत, म्हणजे रेघा मारल्यापासून तो पट्टा एकदाही फिरलेला नव्हता. तो त्या इंजिनात नव्हताच. पिशवीतून काढून, कापून, नंतर आत टाकला होता.

येसाजीच्या घरी गेले. सोनूबाईला आदल्या संध्याकाळी घरी आणलं होतं. येसाजी अजून फणफणत होता.

"तुमी मैत्रीन म्हनून येताय ते ठीक. पन त्या बुधाजीची बाजू माझ्या घरात नको. परवा हिचे ओठ निले पडले व्हते, बाई. मी बगितलेत."

मला त्याच्यावर चिडता येईना.

"येसाजीभाऊ, गुरुवारी गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"हिला घेऊन दुसऱ्या गाडीनं गेलो. विनेश थांबला गाडीपाशी, ओढायला येनाऱ्याची वाट बघत. दोन तास थांबला बिचारा."

"गाडी कधी बंदरावर नेली होती?"

"माझी गाडी? खाऱ्या पान्यात? विनेशला पयल्या दिवशीच सांगितलंय, गाडी बंदरावर दिसली तर चावी ठेवायची नि घरी जायचं."

मी सोनूबाईकडे वळले. "गाडी गॅरेजातून आली त्या दिवशी आत एखादी पिशवी होती का गं?"

"व्हती ना. पायाशी लागत व्हती, तेलाचा वास मारत व्हती. मीच विनेशला सांगितलं, डिकीत टाक म्हनून."

तिला कळलं नाही ती काय बोलून गेली. मला कळलं, आणि मला तिच्याकडे बघवेना.

५

कोणी केलं ते कळलं होतं. का केलं ते कळत नव्हतं, आणि माझ्या हाताखालचं पोर नुसत्या दुष्टपणानं असं करील हे मला पटत नव्हतं. मी विनेशकडे गेले नाही. त्याच्या बापाकडे, बंदरावर गेले.

पावसाळी मासेमारीबंदी लागायला एकच दिवस उरला होता. निम्म्याअधिक बोटी पाण्यातून वर आल्या होत्या, उरलेल्यांची घाई चालली होती. आमच्याकडे बोट वर काढायची म्हणजे सगळ्यांनी दोराला लागायचं. हाक आली की जेवता माणूस ताट सोडून येतो, कालचं भांडण असलं तरी येतो. विनेशचा बाप बाबाजी आपल्या बोटीच्या सावलीत जाळं विणत होता.

"छान वर घेतलीत बोट," मी म्हणाले. "कधी काढलीत?"

"बुधवारी सांजचे. तीन बोटी एकदमच निघाल्या, मानसं वाटली गेली. माझ्या वाट्याला चौघंच. अर्ध्यावर आली नि दम संपला."

"मग?"

म्हाताऱ्याचं तोंड खुललं. "मंग माझ्या पोरानं डोकं चालवलं. गाडी आनलीन उताराच्या वर. मागच्या कडीला दोर बांधलान, इंजिन बंद, गाडी गिअरमदी, ब्रेक ओढून. गाडीचा खुंटा केलान बगा. आमी बसून पानी प्यालो."

"आणि खुंटा टिकला?"

"टिकला म्हनजे... बोट जरा घसरली, दोन-तीन हात गाडीला ओढत मागं आली. पन थांबली. पोरानं माझी बोट वाचवलीन. न्हायतर दगडावर गेली असती, नि मी मग काय केलं असतं?"

त्यानं विणलेली गाठ दातानं ओढून आवळली. तो इतक्या अभिमानानं बोलत होता, की पुढचं विचारायला माझी जीभ उचलली नाही. मी त्याला नमस्कार केला आणि निघाले.

६

विनेश त्याच्या घरामागच्या विहिरीपाशी भेटला. मला बघून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. मी त्याला पट्टा, बोल्ट, पिशवी यांतलं काहीच विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला.

"बुधवारी गाडी कुठल्या गिअरमध्ये ठेवली होतीस?"

त्यानं हातातली कळशी खाली ठेवली. मग म्हणाला, "पहिल्या."

आणि विहिरीच्या कठड्याला टेकून खाली बसला.

"पुढे तूच सांग. वर्गात सांगायचास तसं."

"गाडी पहिल्या गिअरमध्ये मागं ओढली गेली की इंजिन उलटं फिरतं, मॅडम." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "पट्ट्याची सैल बाजू ताणली जाते, ताणलेली सैल पडते. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर उलट्या ओढीसाठी नसतो. दाते सरकतात. रिव्हर्समध्ये ठेवली असती तर इंजिन सरळ फिरलं असतं. काही झालं नसतं."

"बुधवारी कळलं नाही तुला?"

"धूर येत होता, ओढत नव्हती. वाटलं, डिझेलमध्ये कचरा असेल. सकाळी चावी मारली आणि खडखड झालं. काकूंना घेऊन सगळे गेले. मी कव्हर उघडलं. पट्टा धडधाकट होता, मॅडम. नवा. बुधाजीकाकांच्या रेघा जवळजवळ पुसलेल्या. वरची खूण तीन दात्यांनी मागे. मला सगळं कळलं. काकूंची पाळी माझ्यामुळे गेली, हे कळलं."

"म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात घातलंस."

"मी काही ठरवलं नव्हतं. डिकीत जुना पट्टा दिसला. नवा कापून ओढून काढला, जुना निम्मा कापून, निम्मा उसवून आत सारला. वाटलं, लोक म्हणतील पट्टा तुटला, पट्टे तुटतात. जुना-नवा कोण बघतंय. पण अलिबागच्या गॅरेजात लगेच ओळखला. मग पिशवीचं विचारलं, तेव्हा तोंडातून नाही निघून गेलं. नंतर काकूंना धाप लागली. त्यानंतर खरं सांगायचं धैर्यच झालं नाही."

मी खूप ओरडायचं ठरवून आले होते. ओरडता आलं नाही. बापाची बोट घसरताना बघून कुठल्या पोराला गिअर आठवला असता? पण आठवला नाही हा अपघात, आणि नंतर कापला तो पट्टा हा गुन्हा, आणि त्या दोहोंच्या मध्ये पेटी बांधून बसलेला बुधाजी होता.

"नवा पट्टा कुठे आहे?"

त्यानं लाकडांच्या ढिगामागून कागदात गुंडाळलेला पट्टा काढून दिला. फेकवला नव्हता त्याला.

"चल," मी म्हणाले. "आधी काकूंकडे."

७

सोनूबाईनं सगळं ऐकलं. येसाजी दोनदा उठला, दोन्ही वेळा तिनं त्याला हातानं खाली बसवला. विनेश तिच्या पायाशी बसून रडत होता. ती बराच वेळ त्याच्या केसांकडे बघत राहिली.

"बाबाजीची बोट आली ना वर?"

"आली."

"बरं झालं. मला काय हाक पोचली न्हाय, न्हायतर मी पन सांगितलं असतं, ने गाडी." मग तिचा आवाज बदलला. "पन माफी माझी मागू नको. माझं काय, मी उठून बसलेय. ज्याचं नाव घालवलंस ते गावात घालवलंस. गावात परत दे. उद्या सकाली शेवटच्या बोटी काढतील, सगली तिथंच असतील. मी दवाखान्याला जाताना रिक्षा तिथं थांबवनार हाय."

सोमवारी सकाळी बंदरावर शंभरेक माणसं होती. बायका, म्हातारे, मुंबईहून सुट्टीला आलेले, सगळे दोरावर. प्रज्योतलाही मी फोनवर सगळं सांगून बोलावलं होतं, तो जुना पट्टा घेऊन आला, नवा माझ्याकडून घेतला आणि मी विचारायच्या आधीच त्यानं रेघांचं सगळ्यांना समजावून सांगितलं. त्याच्याबद्दल मनात जे जे बोलले होते ते मी मनातच परत घेतलं. मुंबईच्या गाडीला अजून तास होता, म्हणून बुधाजीही आला होता. हाक आली होती ना. तो दोराच्या अगदी शेवटी उभा होता, कोणी त्याच्या शेजारी उभं नव्हतं.

विनेश बोटीच्या कडेला उभा राहिला आणि बोलला. गिअरपासून कापलेल्या पट्ट्यापर्यंत सगळं बोलला. आवाज जेमतेम ऐकू येत होता, पण थांबला नाही. बाबाजीच्या हातातला दोर सुटला. तो बोटीला टेकून उभा राहिला आणि त्यानं चेहरा फिरवला. ते बघायला लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

सगळ्यांच्या माना हळूहळू दोराच्या शेवटाकडे वळल्या.

बुधाजी म्हणाला, "मला न्हाय ऐकू आलं. परत सांग."

विनेशनं डोळे पुसले. या वेळी तो मोठ्यानं बोलला, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावर रिक्षात बसलेल्या सोनूबाईलाही ऐकू गेलं. "पट्टा बुधाजीकाकांनी बदलला होता. नवा टाकला होता. काम चोख होतं. चूक माझी होती, आणि खोटं मी बोललो."

बुधाजी तसाच उभा होता. येसाजी रिक्षातून उतरून त्याच्यापर्यंत गेला. त्याच्या शेजारी दोराला लागला. मग आणखी दोघे सरकले. मग आणखी.

"आता आलं ऐकू," बुधाजी म्हणाला, आणि दोर ओढायला लागला.